रिक्षावाल्यांचा शंकर नाग आणि नाटकवाल्यांचा शंकर नाग

बेंगळुरूत थोडे दिवस काढलेल्या माणसाला कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नागचा चेहरा माहीत असतोच, रिक्षाच्या मागच्या बाजूला मोठा फोटो, दाढीवाला तरुण माणूस, कधी खाकी शर्टात तर कधी पोलिसाच्या वर्दीत. आणि त्याच शहरात जे.पी. नगरला रंगशंकरा नावाचं नाट्यगृह आहे, तिथे गिरीश कर्नाड, विजय तेंडुलकर, शेक्सपिअर यांची नाटकं असलं सगळं चालतं, तेही याच माणसाच्या नावाचं. गंमत अशी की रिक्षावाल्यांपैकी फार थोडे त्या नाट्यगृहात कधी गेले असतील, आणि तिथे नेमाने नाटक बघणाऱ्या बऱ्याच जणांनी त्याचे मारधाडीचे सिनेमे अजिबात बघितलेले नसतात. दोघांनाही तो आपलाच वाटतो. आपल्याकडे मराठी लोकांना विचारलं तर तिसरंच उत्तर येतं, 'अरे मालगुडी डेजचा डायरेक्टर ना तो?' हो, तोच.

तर हा एक माणूस तीन ठिकाणी तीन वेगळ्या कारणांसाठी लाडका कसा झाला, आणि तेही जेमतेम १२ वर्षांच्या करिअरमध्ये, हे नीट समजून घ्यायचं तर नुसती सिनेमांची यादी देऊन भागत नाही, तेव्हाचा कन्नड सिनेमा आणि कन्नड नाटक कसं चालायचं ते थोडं बघावं लागतं. म्हणून जरा लांबण लागणार आहे, चालवून घ्या.

शंकर नागचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा, होन्नावरकडचा, म्हणजे आजचा उत्तर कन्नड जिल्हा, जो तेव्हा मुंबई राज्यात होता. घरचं आडनाव नागरकट्टे, चित्रापूर सारस्वत, घरात बोलायची भाषा कोंकणी. (जाता जाता, याच होन्नावर तालुक्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी, म्हणजे पौराणिक खेळ करणारे कलाकार, १८४२ मध्ये सांगलीला खेळ करायला आली होती आणि ते बघूनच सांगलीच्या राजांनी विष्णुदास भाव्यांना तसं काहीतरी मराठीत करायला सांगितलं, म्हणजे मराठी नाटकाची नाळ त्याच किनाऱ्याला जाते. हे शाळेत एका ओळीत उरकतात.) थोरला भाऊ अनंत, जन्म १९४८ चा, तो आधी मुंबईला आला, कोंकणी, कन्नड, मराठी अशा तिन्ही भाषांतल्या नाटकांत कामं करत राहिला आणि १९७४ मध्ये श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मुळे देशभर माहीत झाला. शंकरही मागोमाग मुंबईत आणि तोही नाटकातच, मुख्य म्हणजे मराठी नाटकात. सत्तरच्या दशकातली मुंबईची रंगभूमी म्हणजे काय होतं ते सांगायला नको, तेंडुलकर, सत्यदेव दुबे, विजया मेहता, अमोल पालेकर, एकाच वेळी सगळे जोरात. त्या वातावरणात हा विशीतला मुलगा वाढला. इथेच त्याला अरुंधती राव भेटल्या, त्या इप्टा या नाट्यसंस्थेत आणि मराठी-गुजराती-हिंदी नाटकांत कामं करत होत्या, पुढे दोघांनी लग्न केलं.

मराठीशी त्याचा अजून एक धागा आहे जो फारसा कोणी सांगत नाही. चापेकर बंधूंनी पुण्यात प्लेगच्या कामावरचा इंग्रज अधिकारी रँड याला मारलं त्यावरचा '२२ जून १८९७' हा सिनेमा आठवतोय? नचिकेत आणि जयू पटवर्धनांचा, १९७९ चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्याच्या लेखनात शंकर नागचा हात होता. म्हणजे कन्नडमध्ये हिरो म्हणून पोस्टरवर चढत असतानाच हा माणूस इकडे पुण्याच्या प्लेगवरच्या पटकथेत डोकं घालून बसलेला.

आता कन्नडकडे वळू. तिथे नटांची आधीची पिढी आली ती नाटक कंपन्यांमधून. गुब्बी वीरण्णांची कंपनी सगळ्यात मोठी, गावोगाव तंबू ठोकून महिनोन्‌महिने मुक्काम, पौराणिक नाटकं, गाणी, भव्य सेट, अगदी आपल्या गंधर्व-ललितकलादर्शच्या काळासारखाच मामला. कन्नडचे सगळ्यात मोठे स्टार राजकुमार (हिंदीतले नव्हेत) याच कंपनीतून घडले आणि १९५४ मध्ये 'बेडर कण्णप्पा'मधून सिनेमात आले. ही परंपरा जोरकस आवाजाची, गाण्याची, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या अभिनयाची. राजकुमारांचं कन्नड ऐकलं की कळतं, एकेक अक्षर घासून पुसून लख्ख.

दुसरा प्रवाह साठच्या दशकात जोर धरायला लागला, तो हौशी नाटकाचा. गिरीश कर्नाडांचं 'तुघलक', मग 'हयवदन', बी.व्ही. कारंतांचं दिग्दर्शन, हेग्गोडूसारख्या खेड्यात के.व्ही. सुब्बण्णांनी उभं केलेलं नीनासम हे नाट्यकेंद्र. हीच मंडळी पुढे कॅमेऱ्याकडे वळली आणि १९७० च्या 'संस्कार'पासून कन्नडमध्ये समांतर सिनेमाची लाट आली, पुरस्कार धडाधड मिळाले पण ते सिनेमे बघणारा प्रेक्षक मोजकाच. म्हणजे एका बाजूला राजकुमार, विष्णुवर्धन, अंबरीष यांचे गर्दी खेचणारे सिनेमे आणि दुसऱ्या बाजूला ही अभ्यासू मंडळी, दोघांत येणंजाणं कमी.

शंकर आला तो या दुसऱ्या दारातून. कर्नाडांनी १९७८ मध्ये 'ओंदानोंदु कालदल्ली' केला, कर्नाटकातल्या होयसळ राजांच्या काळातली गोष्ट, पैसे घेऊन लढणारे भाडोत्री सैनिक, जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या सामुराईपटांची छाप उघड दिसते आणि कर्नाडांनी ती लपवलीही नाही. त्यात गंडुगली नावाच्या सैनिकाचं काम शंकरला मिळालं. पहिलाच सिनेमा, वय २३-२४, आणि त्यासाठी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. हा सिनेमा आज बघितला तरी त्याचं काम ताजं वाटतं. त्याला उभं राहता येतं, एवढंच सांगतो. बरेच नट संवाद नसला की काय करावं ते न कळून हात हलवत बसतात, हा नुसता तलवार घेऊन उभा राहतो आणि समोरच्याला मोजतो, बस.

यापुढे अपेक्षा काय होती? की आता हा समांतर सिनेमावाला होणार, वर्षा-दोन वर्षांतून एक सिनेमा, फेस्टिव्हल, पुरस्कार. आणि याने नेमकं उलट केलं. १९७९ पासून तो जो कमर्शियल सिनेमात घुसला तो घुसलाच, १२ वर्षांत ८० च्या आसपास सिनेमे, म्हणजे वर्षाला सरासरी ६-७. यातले कितीतरी, खरं सांगायचं तर, आज बघवत नाहीत. सूडकथा, हरवलेले भाऊ, व्हिलनचा अड्डा, पाण्याच्या पिंपांवरून उड्या. त्याला लोक कराटे किंग म्हणायला लागले, आता कराटेचं रीतसर शिक्षण त्याने कधी घेतलेलं नव्हतं, पण पडद्यावर पाय वर जायचा आणि थिएटरात शिट्ट्या पडायच्या, लोकांना तेवढं पुरे होतं.

१९८० चा 'ऑटो राजा' यातलाच. रिक्षावाला हिरो. तोपर्यंत रिक्षावाला पडद्यावर यायचा तो हिरोला सोडायला किंवा विनोद करायला, इथे गोष्टच त्याची. खाकी शर्ट, स्वतःची रिक्षा, स्वाभिमान. बेंगळुरू तेव्हा वाढायला लागलं होतं, सरकारी कारखान्यांचं शहर, खेड्यापाड्यातून येणाऱ्या पोरांना लायसन्स काढून रिक्षा चालवणं हा एक सरळ रस्ता होता, आणि त्या पोरांना पहिल्यांदा आपल्यासारखा दिसणारा हिरो मिळाला, गोरागोमटा नाही, डायलॉग मारतानाही शेजारच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलणारा. नंतर १९८८ मध्ये 'सांगलियाना' आला, एच.टी. सांगलियाना नावाच्या खऱ्याखुऱ्या पोलीस अधिकाऱ्यावरून बेतलेला (हे अधिकारी पुढे खासदार झाले), आणि वर्दीतला फोटोही रिक्षांवर चढला. आज कर्नाटकात कित्येक रिक्षा स्टँडला त्याचं नाव आहे, ९ नोव्हेंबरला हार-बिर, केक, सगळं होतं. तो गेला तेव्हा जन्मलेले नव्हते असे ड्रायव्हर हे करतात.

मग हा माणूस पैशासाठी वाया गेला का? समांतरवाले बरेच जण तेव्हा असंच म्हणायचे म्हणे. माझं मत सरळ आहे, त्याने अभिनयाकडे कमाईचं साधन म्हणून बघितलं आणि कमाई दुसरीकडे लावली. कुठे लावली ते बघितलं की त्याचं सगळं गणित उलगडतं.

पहिली जागा म्हणजे संकेत. शंकर आणि अरुंधती यांनी बेंगळुरूत काढलेला हौशी नाटक ग्रुप. सुरुवात कर्नाडांच्या 'अंजुमल्लिगे'ने, त्यानंतर काय केलं बघा, 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया'. दोन्ही जयवंत दळवींची! आपल्याकडे 'बॅरिस्टर' म्हटलं की विक्रम गोखले डोळ्यासमोर येतात, 'संध्याछाया' म्हटलं की मुलं लांब गेलेलं ते म्हातारं जोडपं. मुंबईत जे बघून-करून आला होता ते शंकरने उचलून कन्नडमध्ये नेलं. मग 'नोडी स्वामी नाविरोदु हीगे' नावाचं विनोदी नाटक आलं, रमेश भट यांच्या जोडीने बसवलेलं, ते तुफान चाललं, नंतर त्यावर सिनेमाही केला. शेवटी शेवटी कर्नाडांचं 'नागमंडल'. लक्षात घ्या, हे सगळं तो वर्षाला ६-७ सिनेमांत हिरोचं काम करत असताना चालू होतं. दिवसा शूटिंग, संध्याकाळी तालीम. स्टार झालेला माणूस नाटकात परत आला तर बहुतेक वेळा पाहुण्यासारखा येतो, प्रयोगाच्या जाहिरातीत त्याचं नाव मोठ्या अक्षरात. हा मात्र नाटक बसवायचा, लोक जमवायचा, पदरचे पैसे घालायचा.

दुसरी जागा दिग्दर्शन. १९८० चा 'मिंचिन ओट', गाड्या चोरणारे चोर आणि तुरुंगातून पळण्याची गोष्ट, अनंत नाग, लोकेश आणि स्वतः शंकर. कन्नडमध्ये असा चटपटीत, गाण्यांच्या भरवशावर न राहणारा सिनेमा तेव्हा दुर्मिळ होता. १९८१ चा 'गीता', रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलीची प्रेमकथा, इलयराजांचं संगीत, त्यातलं एस.पी. बालसुब्रह्मण्यम आणि एस. जानकींचं 'जोतेयली' बेंगळुरूच्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात आजही वाजतं. आणि १९८५ चा 'अ‍ॅक्सिडेंट', बड्या राजकारण्याचा मुलगा नशेत फुटपाथवर झोपलेल्यांच्या अंगावर गाडी घालतो आणि मग प्रकरण दाबायचा खेळ सुरू होतो. शंकर त्यात पत्रकार. याला सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही गोष्ट ऐकून तुम्हाला नंतरच्या काळातल्या दोन-तीन बातम्या आठवल्या असतील, मला पण आठवल्या.

तिसरी जागा सगळ्यात कमी बोलली जाते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओ. याचं महत्त्व कळायला थोडं मागे जाऊ. कन्नडचा पहिला बोलपट 'सती सुलोचना', १९३४, तो चित्रित झाला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. म्हणजे सुरुवातच परगावी. नंतर कन्नड सिनेमाचं सगळं बस्तान मद्रासला. शूटिंग पुढे पुढे कर्नाटकात व्हायला लागलं तरी त्यानंतरची कामं, म्हणजे गाण्यांचं रेकॉर्डिंग, डबिंग, पार्श्वसंगीत, आवाजाचं मिक्सिंग, लॅब, हे बरंचसं मद्रासलाच. आता लहान निर्मात्याचा विचार करा. रिळांचे डबे घेऊन रेल्वेने मद्रासला जा, तिथल्या स्टुडिओच्या तारखा मिळवा, पण तिथे तमिळ-तेलुगूचे मोठे निर्माते आधी रांगेत, तुमचा नंबर येईपर्यंत लॉजचं भाडं, नटांना डबिंगसाठी तिकडे न्या, त्यांचं जेवणखाण, आणि दिवस वाढला की व्याज वाढतं. कन्नडचा बाजार मुळात लहान, बेंगळुरूच्याच थिएटरांत हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी सगळे बसलेले, त्यामुळे असा खर्च वसूल होणं अवघड. याचा परिणाम थेट पडद्यावर दिसतो, पार्श्वसंगीत घाईत उरकलेलं, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. शंकरने याच्यावर भाषणं करण्यापेक्षा बेंगळुरूतच संकेत इलेक्ट्रॉनिक्स नावाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा केला, की बाबांनो इथेच करा. हिरोने कमाई बंगल्यात किंवा जमिनीत घालायची असते हा नियम तेव्हाही होता, आणि याने ती मिक्सिंगच्या मशिनींत घातली.

आता मालगुडी. टी.एस. नरसिंहन निर्माते, १९८६ मध्ये दूरदर्शनवर आलं, ३९ भाग. आर.के. नारायण यांचं मालगुडी हे कल्पनेतलं गाव, नकाशावर नाही, शंकरने ते शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबेला शोधलं. आगुंबे म्हणजे घाटमाथ्यावरचं गाव, प्रचंड पावसाचं, दक्षिणेची चेरापुंजी म्हणतात. तिथल्या दोड्डमने नावाच्या जुन्या वाड्यात स्वामीचं, म्हणजे गोष्टीतल्या शाळकरी पोराचं, घर बसलं, गावातल्याच माणसांना छोटी छोटी कामं दिली, स्टेशनसाठी अरसाळूचं स्टेशन घेतलं, आणि तिथे आता मालगुडीचं संग्रहालय केलंय. मास्टर मंजुनाथ झाला स्वामी, बाप झाले गिरीश कर्नाड, इतर भागांत अनंत नाग, विष्णुवर्धन असे मोठमोठे लोक येऊन जातात. आर.के. लक्ष्मण यांची चित्रं, एल. वैद्यनाथन यांची ती 'ताना ना ताना नाना ना' धून, ती आत्ता वाचतानाही तुमच्या डोक्यात वाजली असेल.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नारायण यांची पुस्तकं इंग्रजीत, गाव तमिळ-कन्नड वळणाचं, मालिका हिंदीत (काही भाग इंग्रजीतही केले), कलाकार बहुतेक कन्नड रंगभूमीवरचे. एवढी खिचडी असून ती खोटी वाटत नाही. कारण नटांना तो हिंदी सिनेमासारखं बोलायला लावत नाही, त्यांचं हिंदी जरा अडखळतं, दाक्षिणात्य वळणाचं आहे, आणि ते तसंच ठेवलंय. शिवाय हे सगळे नाटकवाले, एकमेकांबरोबर कित्येक तालमी केलेले, त्यामुळे दोन मिनिटांचं काम असलेला पोस्टमनसुद्धा मन लावून काम करतो. मालगुडी डेज हे खरं म्हणजे कन्नड हौशी रंगभूमीने देशाला दाखवलेलं काम आहे, आपण ते लहानपणी लहान मुलांची मालिका म्हणून बघितलं. संकेत नसतं, तो ग्रुप नसता, तर इतक्या पटापट इतके चांगले नट जमवणं अवघड गेलं असतं, कमर्शियल सिनेमातून माणसं आणली असती तर त्यांच्या तारखा जुळवण्यातच वर्ष गेलं असतं.

यानंतर १९८७ मध्ये राजकुमारांना घेऊन 'ओंदु मुत्तिन कथे' केला, मोती काढणाऱ्या पाणबुड्याची गोष्ट, पाण्याखालचं शूटिंग वगैरे. महत्त्वाकांक्षा मोठी होती, सिनेमा मात्र जमला असं मला वाटत नाही. राजकुमारांचे चाहते त्यांना वेगळ्याच रूपात बघायला आले आणि शंकरला जे हवं होतं ते दोन्हीच्या मध्ये कुठेतरी अडकलं. पण कंपनी नाटकातून आलेला सगळ्यात मोठा नट आणि हौशी रंगभूमीवरून आलेला दिग्दर्शक एका सिनेमात आले, म्हणून तो बघावा.

त्याच्याबद्दल फॉरवर्ड फिरतात त्यात बरंच काही घुसडलेलं असतं, कन्नडमधलं पहिलं अमुक, भारतातलं पहिलं तमुक. त्यातल्या सगळ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. पण बेंगळुरूला मेट्रो हवी हे तो ऐंशीच्या दशकात सांगत होता आणि त्याचा अभ्यासही करत होता, नंदी हिल्सला रोपवे व्हावा, गरिबांसाठी स्वस्त घरं व्हावीत अशा कल्पना घेऊन सरकारी दारांत फिरत होता, हे त्याच्या जवळच्या लोकांनी बऱ्याचदा सांगितलंय. मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला ऑक्टोबर २०११ मध्ये. मला यात द्रष्टेपणापेक्षा दिसतो तो स्वभाव, काहीतरी अडतंय म्हटलं की हा स्वतः ते उभं करायला निघायचा, मग तो स्टुडिओ असो की रेल्वे.

३० सप्टेंबर १९९० च्या पहाटे दावणगेरेजवळ अनगोडूला त्याच्या गाडीची ट्रकशी टक्कर झाली आणि तो गेला. 'जोकुमारस्वामी' नावाच्या सिनेमाच्या शूटिंगसाठी लोकापूरला निघाला होता, तो चंद्रशेखर कंबारांच्या नाटकावरचा, म्हणजे पुन्हा नाटकच. वय ३५. गाडीत अरुंधती आणि छोटी मुलगी होत्या, त्या वाचल्या, पण अरुंधतींना मोठ्या दुखापती झाल्या आणि बरं व्हायला खूप काळ गेला. काही सिनेमे त्याच्यामागे रिलीज झाले.

यानंतरचं श्रेय अरुंधती नाग यांचं, आणि ते पूर्ण द्यायला हवं. बेंगळुरूत नाटकाला स्वतःची अशी जागा हवी, परवडणाऱ्या भाड्याची, जिथे रोज नाटक होईल, हे दोघांचं बोलणं होतं. रवींद्र कलाक्षेत्र होतं पण ते मोठं, सरकारी, तिथे नाच-गाणी-सत्कार सगळंच. अरुंधतींनी कितीतरी वर्षं पैसे जमवले, लोकांकडे, कंपन्यांकडे, सरकारकडे खेटे घातले आणि २००४ मध्ये रंगशंकरा उघडलं. साधारण तीनशे खुर्च्या, माईकशिवाय आवाज पोचेल असं बांधलेलं, सोमवार सोडून रोज नाटक. नियम कडक, वेळेवर दार बंद, उशिरा आलात तर कोणीही असलात तरी आत सोडत नाहीत, आपल्याकडे हे लागू केलं तर पहिल्या आठवड्यात भांडणं होतील. कन्नड तर असतंच, पण मराठी, हिंदी, तमिळ, इंग्रजी सगळ्या भाषांची नाटकं होतात. खालच्या कॅफेत साबुदाणा वडा मिळतो, आणि चांगला मिळतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझा सल्ला, आधी 'मिंचिन ओट' बघा, वेगवान आहे, भाषा कळली नाही तरी पकड सुटत नाही. मग 'अ‍ॅक्सिडेंट'. 'ओंदानोंदु कालदल्ली' चांगली प्रिंट मिळाली तरच, अंधारातल्या मारामाऱ्या खराब प्रिंटमध्ये काहीच दिसत नाहीत. 'गीता' गाण्यांसाठी. 'ऑटो राजा' आणि 'सांगलियाना' बघताना सोबत कोणीतरी कन्नड माणूस असला पाहिजे, एकट्याने बघण्यात मजा नाही. आणि मालगुडी डेज परत बघणार असाल तर यावेळी स्वामीकडे कमी आणि मागे उभ्या असलेल्या माणसांकडे जास्त बघा.